शब्दचर्चा: हायलंडर पलटणींच्या जुन्या साजाला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न: एका लहान खासगी संग्रहाची मराठी सूची करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. त्यात ब्रिटिश सैन्यातील स्कॉटिश हायलंडर पलटणींचा जुना साज आहे. कमरेपुढे बांधायची केसाळ पिशवी, मुठीत पिवळसर खडा बसवलेले एक शस्त्र, मोज्यात खोचायची सुरी आणि हत्तीचे चित्र असलेली पितळी पाटी अशा त्यातील मुख्य वस्तू आहेत. आधीच्या सूचीत त्यांना अनुक्रमे बटवा, कट्यार, छोटी कट्यार आणि बिल्ला म्हटले आहे. हे शब्द ठेवावेत का, आणि वस्तूंचा काळ कसा ठरवावा?

उत्तर: चारही शब्द बदलावेत असे मला वाटते. वस्तूला चुकीचे नाव पडले की पाहणारा तिच्यावरच्या चुकीच्या जागा तपासतो आणि काळही चुकतो, म्हणून आपले दोन प्रश्न वेगळे नाहीत.

पाटीपासून सुरुवात करतो, कारण तिच्यासाठी मराठीत नेमका शब्द आहे आणि तो आपण विसरत चाललो आहोत. छातीवर अडकवलेल्या कोणत्याही खुणेला आपण बिल्ला म्हणतो. ही पाटी मात्र उजव्या खांद्यावरून तिरप्या घेतलेल्या तलवारीच्या पट्ट्यावर बसवलेली असे. कचेरीची किंवा धन्याची खूण कोरून पट्ट्यावर बसवलेल्या धातूच्या पाटीला मराठीत ‘चपरास’ म्हणतात, आणि ती वागवणारा तो चपराशी. फारसीतील ‘चप’ आणि ‘रास्त’, म्हणजे डावे आणि उजवे, यांवरून हा शब्द आला असे मानतात. तसे असेल तर एका खांद्यावरून दुसऱ्या बाजूला जाणाऱ्या पट्ट्याशी त्याचे नाते मुळातच आहे. तेव्हा सूचीत ‘पट्ट्यावरची चपरास’ असे निःसंकोच लिहावे.

आता तिचा काळ. १८५५ साली नवा अंगरखा आला, तेव्हा इतर पायदळी पलटणींतून या पाट्या गेल्या, पण हायलंडर अधिकाऱ्यांनी त्या पुढेही वापरल्या. म्हणून केवळ चपरास आहे एवढ्यावरून ती १८५५ च्या आधीची ठरत नाही. पलटणीचा क्रमांक आहे का ते पाहावे. १ जुलै १८८१ रोजी पलटणींची फेररचना होऊन जुने क्रमांक अधिकृतपणे गेले. ७२ आणि ७८ क्रमांकांच्या पलटणी मिळून सीफोर्थ हायलंडर्स झाली, तर ७१ आणि ७४ मिळून हायलंड लाइट इन्फंट्री. तेव्हा अस्सल पाटीवर ‘७८’ असेल तर ती त्या तारखेच्या आधी घडली असे धरायला हरकत नाही.

हत्ती तर थेट आपल्या मुलखातला आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी, आज जालना जिल्ह्यात असलेल्या असई गावाजवळ ब्रिटिश सेनापती वेलस्लीच्या फौजेने शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजेचा पराभव केला. त्या लढाईत ७४ आणि ७८ या दोन्ही हायलंडर पलटणी होत्या, आणि मानचिन्ह म्हणून त्यांना ‘असई’ या नावासह हत्ती मिळाला. पाटीवरची रोमन अक्षरे वाचून आधीच्या सूचीकाराने ‘असाये’ लिहिले असेल, तर ते कृपया दुरुस्त करावे. ज्या गावाच्या शिवारात आपली इतकी माणसे पडली, त्याचे नाव मराठी सूचीत तरी परक्या उच्चाराने छापले जाऊ नये. आणखी एक बारकावा असा की १८०९ साली ७४ व्या पलटणीचा हायलंडर पोशाख काढून घेण्यात आला. त्यामुळे त्यानंतरच्या काळातील, किल्टबरोबर, म्हणजे हायलंडरांच्या चुणीदार घागऱ्यासारख्या वस्त्राबरोबर, वापरलेल्या एखाद्या वस्तूवर हत्ती दिसला, तर आधी ७८ व्या पलटणीचा आणि १८८१ नंतर सीफोर्थचा विचार करावा.

मुकुट असेल तर त्याच्या कमानी पाहाव्यात. व्हिक्टोरिया राणीच्या काळातील मुकुटाच्या कमानी मध्ये खचलेल्या असतात, १९०१ नंतरच्या राजांच्या काळात त्या गोल फुगीर होतात, आणि एलिझाबेथ राणीच्या राज्यारोहणानंतर, १९५३ च्या सुमारास, पुन्हा मध्ये दबतात. व्हिक्टोरियाचा आणि एलिझाबेथचा मुकुट यांत घाईने पाहणाऱ्याची गफलत होते. शेवटी भिंगाखाली झीज पाहावी. खरोखर वापरलेल्या, वारंवार घासूनपुसून लखलखीत ठेवलेल्या पाटीवर हत्तीच्या कपाळाचा उंचवटा गुळगुळीत झालेला असतो, तर सोंडेखालच्या खाचेत मूळ मुलामा टिकून राहिलेला असतो. उंचवटा आणि खाच यांवर सारखाच काळपटपणा असेल, तर तो मुद्दाम चढवला असल्याची शंका घ्यावी.

पिशवीचे मूळ नाव ‘स्पोरन’, आणि हायलंडरांच्या गेलिक भाषेत त्याचा अर्थ थैली एवढाच आहे. बटव्याचे तोंड दोरीने आवळायचे असते, तर लष्करी स्पोरनला वर धातूची किंवा चामड्याची पट्टी असते. त्यामुळे बटवा चालणार नाही. कमरेला बांधायची पैशांची पिशवी या अर्थी ‘कसा’ हा जुना शब्द जवळचा आहे, तरी मी ‘स्पोरन (केसाळ कसा)’ असे लिहीन. ओळख पटवायला गोंडे मोजावेत. पांढऱ्या केसांवर दोन लांब काळे गोंडे सीफोर्थ किंवा गॉर्डन पलटणीच्या शिपायाकडे, काळ्या केसांवर दोन पांढरे कॅमेरन पलटणीकडे, आणि काळ्यावर सहा आखूड पांढरे गोंडे आर्गाइल अँड सदरलँड पलटणीकडे नेतात. केस पुष्कळदा नंतर बदललेले असतात, म्हणून काळ ठरवताना वरची पट्टी आणि मागचे चामडे यांवर अधिक भर द्यावा.

शंका: मुठीत खडा बसवलेल्या शस्त्रासाठी, म्हणजे ‘डर्क’साठी, कट्यार नको हे पटते, पण खंजीर का नको?

उत्तर: कट्यारीची मूठ आडवी असते आणि ती मुठीत धरून समोर भोसकायची असते. खंजीर म्हटले की दुधारी, बहुधा वळणदार पाते डोळ्यांपुढे येते. डर्कचे पाते सरळ, लांब आणि बहुधा एकधारी असते. अठराव्या शतकात तर पुष्कळ डर्क मोडक्या तलवारींच्या पात्यांतूनच केलेले आढळतात. म्हणून ‘सुरा’ हाच शब्द मला योग्य वाटतो. त्या जुन्या सुऱ्यांची मूठ लाकडात वेलवीण कोरलेली आणि माथ्याला सपाट, धातूची चकती असलेली असते. केर्नगॉर्म डोंगरांच्या नावाने ओळखला जाणारा पिवळसर तपकिरी स्फटिक माथ्यावर बसवण्याची रीत एकोणिसाव्या शतकातली आहे, तेव्हा आपला सुरा त्याच शतकातला किंवा नंतरचा असावा. मुठीवर चांदी असेल तर एडिंबरोचा तीन बुरुजांचा किल्ला आणि राजमस्तकाचा शिक्का शोधावा. राजमस्तकाचा हा कराचा शिक्का १७८४ पासून १८९० पर्यंतच मारला जाई, आणि डावीकडे तोंड केलेले मस्तक व्हिक्टोरियाचे असते. पात्यावर लढायांची नावे असतील तर मात्र सावध राहावे. एखाद्या लढाईचा मान पलटणीला फार उशिरा मिळू शकतो. १७०४ सालच्या ब्लेनहाइमच्या लढाईचा मान १८८२ साली देण्यात आला. लढाईचे साल नव्हे, मान मिळाल्याचे साल धरावे.

शंका: मोज्यातल्या सुरीचे नाव रोमन लिपीत पाहिले तर ‘स्गिअन डुभ’ असे वाचावेसे वाटते. देवनागरीत कसे लिहावे?

उत्तर: ‘स्कीअन डू’ असे लिहावे. शेवटची दोन अक्षरे सर्वसाधारण उच्चारात ऐकू येत नाहीत. पहिल्या शब्दाचा अर्थ सुरी आणि दुसऱ्याचा काळी. काहींच्या मते येथे ‘काळी’ म्हणजे दडवलेली. मराठीत ‘मोज्यातली सुरी’ पुरेसे आहे, कारण सुरा आणि सुरी या जोडीतून दोन्ही शस्त्रांतला लहानमोठेपणा आपोआप कळतो, आणि ‘छोटी कट्यार’ म्हणण्याची वेळ येत नाही.