मदत हवी आहे : माइकमध्ये आवाज पुसट, वर गुंईं. आजीच्या ओव्या रेकॉर्ड करायच्या आहेत

मंडळी, जरा घाईचा प्रश्न आहे.

आजीला जात्यावरच्या भरपूर ओव्या येतात. गणपतीला ती कोकणात जाणार आणि या वेळी "आता मी तिकडंच राहते" म्हणतेय. त्याआधी सगळ्या नीट रेकॉर्ड करून ठेवायच्या आहेत. आम्ही लालबागला चाळीत राहतो. खोली लहान, खाली टाइल्स, वर पंखा, बाहेर कॉमन गॅलरी.

ऑनलाइन एक स्वस्त कंडेन्सर माइकचा संच घेतला. माइक, टेबलाच्या कडेला आवळायचा स्टँड, स्पंजची टोपी आणि एक वायर. वायरच्या एका टोकाला माइकमध्ये बसणारं तीन पिनांचं एक्सएलआर, दुसऱ्या टोकाला हेडफोनसारखी ३.५ मिमीची पिन. ती लॅपटॉपच्या एकुलत्या एका जॅकमध्ये घालते आणि ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्ड करते.

आवाज येतो, पण आजी शेजारच्या खोलीत बसून गातेय असा. पंखा मात्र स्वच्छ ऐकू येतो! लेव्हल १०० वर नेली तरी फरक नाही. मधूनच बारीक गुंईं येते. शिवाय आजी गाताना टेबलावर स्टीलचा डबा जात्यासारखा फिरवते, त्याशिवाय तिला पुढची ओळ आठवत नाही. त्याचे धप्पधप्प आवाज येतात ते वेगळेच. माइक खराब आहे की माझी जोडणी? परत पाठवायची मुदत संपलीय. कृपया सोप्या भाषेत सांगा.

प्रतिसाद

ताई, माइकला लगेच दोष देऊ नका. आधी एवढं करा. रेकॉर्डिंग चालू ठेवून माइकच्या जाळीवर नखाने खरवडा, मग लॅपटॉपच्या कीबोर्डशेजारी खरवडा. कुठला आवाज मोठा येतो? आणि वायरच्या छोट्या पिनेवर काळ्या पट्ट्या किती आहेत, दोन की तीन?

प्रतिसाद

लालबागमध्ये गणपतीच्या तोंडावर शांतता शोधताय, तुमच्या हिमतीला सलाम 😀 आगमनाचे ढोल सुरू व्हायच्या आत आटपा.

धागाकर्ती

कीबोर्डजवळचा आवाज कानठळ्या बसवणारा. माइकवर खरवडलेलं काहीच नाही! पट्ट्या दोन.

प्रतिसाद

मग निम्मं कोडं सुटलं. आतापर्यंतचं सगळं रेकॉर्डिंग लॅपटॉपच्या आतल्या माइकवर झालंय, म्हणून आजी लांब आणि पंखा जवळ.

दोन पट्ट्या म्हणजे पिनेचे तीन भाग. लॅपटॉपला एकच जॅक असेल तर तो सहसा चार भागांचा असतो: डावा कान, उजवा कान, ग्राउंड आणि माइक. तुमची पिन आत गेली की लॅपटॉपला वाटतं हेडफोन लावलाय, आणि तो आतल्याच माइकवर ऐकत राहतो. तुम्हाला एक जोडतुकडा लागेल. त्याच्या एका बाजूला तीन पट्ट्यांची पिन असते, दुसऱ्या बाजूला दोन सॉकेट, एकावर हेडफोनचं चित्र, दुसऱ्यावर माइकचं. लॅमिंग्टन रोडला कुठेही मिळेल. फक्त 'स्प्लिटर द्या' एवढंच सांगू नका, नाहीतर दोघांनी मिळून गाणी ऐकायचा स्प्लिटर हातात पडेल. चित्रं बघून घ्या.

तो लावल्यावर साउंड सेटिंग्जमध्ये इनपुटला बाहेरचा माइक निवडा आणि ऑडॅसिटी बंद करून परत उघडा. ती चालू असताना नवीन जोडलेलं उपकरण तिला आपोआप दिसत नाही.

प्रतिसाद

एवढा खटाटोप कशाला? तो माइक ओएलएक्सवर टाका आणि यूएसबी माइक घ्या. लावला की चालू.

धागाकर्ती

यूएसबीचं बजेट लगेच नाही हो दादा.

जोडतुकडा आणला. आता माइकवर खरवडलेलं ऐकू येतं! पण गाणं अजून बारीकच. सेटिंग्जमधला माइक बूस्ट (माइकचा आवाज वाढवायची सोय) वाढवला तर पाऊस पडल्यासारखी सस्स येते. आणि ती गुंईं आता जास्त स्पष्ट झालीय. एक गंमत म्हणजे लॅपटॉपच्या धातूच्या भागाला हात लावला की ती कमी होते.

प्रतिसाद

हात लावल्यावर कमी होते म्हणजे अर्थिंगचा मामला. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, तिची घरघर ५० आणि १०० हर्ट्झच्या आसपास येते. चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड करा. गुंईं गेली तर चार्जरची पिन, एक्स्टेंशन बोर्ड आणि भिंतीतलं अर्थिंग तपासून घ्या. जुन्या चाळींत सॉकेटला तिसरं भोक असतं, पण मागे वायर असेलच असं नाही. आणि कोणी कितीही सांगितलं तरी चार्जरची अर्थची पिन तोडू नका, जिवाशी खेळ आहे.

सस्सचं कारण निराळं. कंडेन्सर माइकला वीज लागते. स्टुडिओत ती ४८ व्होल्टची असते, फँटम पॉवर म्हणतात, आणि ती एक्सएलआर वायरमधूनच जाते. लॅपटॉपच्या जॅकमधून जेमतेम दोन-तीन व्होल्ट मिळतात. तुमच्यासारखे स्वस्त माइक तेवढ्यावर जागे होतात, पण सिग्नल अशक्त. मग बूस्ट वाढवला की गाण्याबरोबर सस्सही वाढते. यावर खरा उपाय म्हणजे ४८ व्होल्ट देणारा छोटा ऑडिओ इंटरफेस (माइक आणि लॅपटॉपच्या मध्ये जोडायची पेटी) आणि दोन्ही टोकांना एक्सएलआर असलेली वायर. बेहरिंगरच्या यूएम२ मध्येही ही सोय आहे. सेकंडहँडही मिळतात, पण समोर लावून, ऐकून घ्या.

आता फुकटातलं. आजी माइकच्या टोकाकडे तोंड करून गातात का? हे माइक बहुतेक बाजूने ऐकतात. आइस्क्रीमच्या कोनासारखा समोर धरायचा नाही, उभा ठेवून जाळीची पुढची बाजू, बहुधा जिथे नाव किंवा खूण असते ती, तोंडाकडे करायची. अंतर एक वीत. मागची बाजू कमी ऐकते, म्हणून ती पाठ पंख्याकडे किंवा गॅलरीकडे ठेवा. टाइल्सवर सतरंजी अंथरा, आजींच्या मागे गोधडी टांगा. सर्वांत मोठ्या आवाजाला ऑडॅसिटीचा काटा उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहिला पाहिजे.

डब्याबद्दल माझं मत: तो बंद करू नका. टेबल एकच असल्याने धक्का स्टँडमधून माइकपर्यंत पोचतोय. स्टँड दुसऱ्या फळीला आवळा, नाहीतर आजींना खाली सतरंजीवर बसवा. डब्याची घरघर राहू द्या. तिच्याशिवाय ओवी म्हणजे नुसतं गाणं होईल.

प्रतिसाद

वरच्या सगळ्याला अनुमोदन, पण वेळ कमी आहे ना? मग आज फोनवर करा! फोन एअरप्लेन मोडवर टाका, आजींच्या छातीसमोर एक वीत अंतरावर, खाली उशी. रेकॉर्डर ॲपमध्ये नॉइज कमी करणारं जे काही असेल ते बंद करा. लॅपटॉपच्या साउंड एन्हान्समेंटलाही तेच लागू. ही सोय बोलण्यासाठी असते. ओळीच्या शेवटी लांबवलेला सूर तिला पंखाच वाटतो आणि ती तो खाऊन टाकते. माझ्या मावशीचं अर्धं भजन असंच गेलं.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. बॅटरीवर गुंईं पूर्ण गेली. माइक वळवल्यावर आवाज चांगलाच वाढला, बूस्ट निम्मा केला, सस्स आहे पण चालण्यासारखी. आजी खाली बसते, डबा पाटावर फिरवते. रिकामा डबा हलका लागतो म्हणून तिने त्यात तांदूळ भरायला लावले! फोनही शेजारी चालू ठेवते. खरं सांगायचं तर काही ओव्या फोनवरच जास्त छान आल्यात. इंटरफेस दिवाळीनंतर बघू.

एक विचारायचं राहिलं, सस्स नंतर काढता येते का? आणि फाइल कशात ठेवू?

प्रतिसाद

येते. प्रत्येक रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला पाचेक सेकंद सगळे गप्प बसा, पंखा बंद. तेवढा तुकडा निवडून ऑडॅसिटीच्या नॉइज रिडक्शनला नमुना द्या, मग पूर्ण फाइलवर हलक्या हाताने चालवा. जास्त केलंत तर आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. मूळ फाइल डब्ल्यूएव्हीमध्येच (आवाज न दाबता साठवणारा फाइलचा प्रकार) ठेवा, तिला हात लावू नका, जे काही करायचं ते कॉपीवर. एक प्रत पेन ड्राइव्हवर, एक ऑनलाइन. व्हॉट्सॲपवर पाठवायला एमपी३ वेगळी करा. आणि माइक वापरून झाला की सिलिका जेलच्या पुडीसोबत डब्यात ठेवा, आपल्याकडच्या दमट हवेत कंडेन्सर लवकर कुरकुरायला लागतात.