आईची सोळा वर्षांची मांजर गेली. दुसरी कधी आणावी, कशी आणावी?

सोनकी

नमस्कार. सल्ला हवा आहे, जरा सविस्तर लिहिते.

मालवणजवळच्या आमच्या गावच्या घरी आई एकटी असते. वय ७४. मी डोंबिवलीला. बाबा गेले त्या वर्षी परड्यात लाकडांच्या राशीमागे एक मांजर व्याली होती, त्यातलं एक पिल्लू आईने ठेवून घेतलं. तीच ठकी. सोळा वर्षांची होऊन यंदा आषाढात गेली. शेवटचं वर्षभर पाणी फार प्यायची, न्हाणीतल्या बादलीला तोंड लावून बसायची. आईला वाटलं उकाड्यामुळे. रक्त तपासलं तेव्हा मूत्रपिंडं निकामी होत आल्याचं कळलं, त्यानंतर सव्वा महिना काढला तिने. पुरली त्या दिवशी पाऊस नुसता कोसळत होता, खाली जांभा लागला म्हणून खणणारा दोनदा थांबला. माडाच्या बाजूला पुरली आणि कुत्र्यांनी उकरू नये म्हणून वर चिरा ठेवला.

आई माझ्यासमोर रडली नाही. पण अजून रोज मूठभर तांदूळ जास्त धुते, आणि तो भात सकाळी कावळ्यांना घालते. मी विषय काढला की एकच म्हणते, "माका आता दुसरा मांजर नको. माझ्या मागे तेका कोण बघतलो?"

शेजारच्या काकींकडे महिन्याभराची पिल्लं आहेत. गणपतीला जाईन तेव्हा एक आणून सरळ आईच्या मांडीवर ठेवावं असं माझ्या मनात आहे. भाऊ म्हणतो, थांब. घाई होतेय का? पिल्लू किती दिवसांचं घ्यावं? ठकीची थाळी, गोणपाट वापरलं तर चालेल का? मागची खोली अजून शेणाने सारवलेली आहे, तिथेच ठेवायचा विचार आहे.

खाडीपलीकडे

सोनकीताई, वाचून वाईट वाटलं. सोळा वर्षं म्हणजे घरातलं माणूसच.

बाकी काही ठरवा, पण गणपतीत आणू नका. तुमच्याकडेही चाकरमानी येणार, दारं सताड उघडी, आरत्या, टाळ, झांजा, फटाके. नवं जनावर अशा घरात पहिल्याच रात्री माळ्यावर नाहीतर कुंपणापार जातं. आमची एक अशीच विसर्जनाच्या दिवशी गेली. आठ दिवस शोधलं, मिळाली नाही. माणसं परतली, घर निवांत झालं की मगच आणा. आणि आणल्यावर निदान दोन-तीन आठवडे घरातच ठेवा, नाहीतर ती जुन्या घराच्या वाटेला लागते. काकींचं घर शेजारीच असेल तर अधिकच.

पोफळी

ठकीला मूत्रपिंडाचा आजार होता, तो संसर्गाचा नाही. थाळी, गोणपाट धुऊन उन्हात घालून वापरलं तरी चालेल. हे आधी सांगते, कारण आमच्याकडे उलटं झालं होतं.

आमचं पहिलं पिल्लू तीन दिवसांत गेलं. उलट्या, हगवण, मग मान टाकली. घर ओकंबोकं वाटायला लागलं म्हणून विसाव्या दिवशी दुसरं आणलं, तेही तसंच गेलं. मग कळलं की तो पॅनल्युकोपेनिया होता, मांजरांचा पार्व्हो. हा विषाणू घरात वर्षभरसुद्धा तग धरू शकतो. मी जमीन फिनेलने पुसली होती. त्याने तो मरेल अशी खात्री नसतेच, वर फिनेल मांजराला विषारी, कारण ते पायाला लागतं आणि मांजर पाय चाटतं. ब्लीच चालतं, साधं घरगुती ब्लीच लिटरभर पाण्यात ३० मिलीच्या आसपास, दहा मिनिटं ओलं राहू द्यायचं. पण ते फरशीवर. सारवलेल्या जमिनीवर ब्लीचचा जोर टिकत नाही, शेणामातीतच तो संपतो. म्हणून सारवलेल्या घरात लस हीच खरी राखण. तुमच्या घरी ही साथ आलेली नाही हे चांगलंच आहे, पण परड्यात गावभरची मांजरं फिरतात ना?

पिल्लूच घ्यायचं असेल तर किमान आठ आठवडे त्याच्या मांजर-आईजवळ राहू दे. लस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होते, मग तीन-चार आठवड्यांनी पुढचा डोस, सोळा आठवड्यांचं होईपर्यंत. रेबीजची तिसऱ्या महिन्यानंतर. दुधाच्या वाटीचा मोह टाळा, पुष्कळ पिल्लांना गाईचं दूध पचत नाही, हगवण लागते आणि आपण उगाच घाबरतो.

कातळसडा

मी पशुवैद्यक आहे, तळकोकणातच काम करतो.

पहिलं म्हणजे तुमच्या आईंना एवढं नक्की सांगा. मांजराच्या मूत्रपिंडाची जवळजवळ पाऊण शक्ती संपेपर्यंत नेहमीच्या रक्ततपासणीत क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचा बिघाड दाखवणारं द्रव्य, फारसं वाढत नाही. म्हातारी मांजर पाणी जास्त पिते हे उकाड्यात कुणाच्याही लक्षात येणं कठीण. सोळाव्या वर्षी हा आजार फार मांजरांना होतो. त्यांच्या हातून हेळसांड झालेली नाही.

दुसरं, मला पिल्लाची कल्पना मुळीच पटत नाही. पिल्लू संध्याकाळच्या काळोखात पायात येतं, आणि ७४ व्या वर्षी ओटीच्या पायरीवरून पडणं म्हणजे मांडीचं हाड. शिवाय आज आणलेलं पिल्लू ठकीएवढं जगलं तर तेव्हा आई नव्वदच्या असतील. त्या विचारतात तो प्रश्न हिशेबाचा आहे, तो रडण्यातला समजू नका. मांजर नेण्याआधी त्याचं उत्तर न्या. त्यांच्यानंतर ती कुणाकडे जाईल, नाव घेऊन सांगा. मग पाच-सहा वर्षांची, शस्त्रक्रिया झालेली, लस दिलेली मादी शोधा. गाव सोडून जाणारी माणसं अशी मांजरं मागे ठेवून जातात, तिकडे विचारा. मांडीवर आणून ठेवू नका, विचारून आणा.

आणखी एक. घरात पॅरासिटामॉल असेल, ते मांजराला चुकूनही नाही, एक गोळीही जीव घेते. कुत्र्याच्या गोचिडांवरचे थेंबही नाहीत, बऱ्याच थेंबांत परमेथ्रिन असतं, ते मांजराला विष.

सोनकी

कातळसडा, रक्ताचं ते आईला फोनवर वाचून दाखवलं. बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "पुन्ना वाच." दोनदा वाचलं.

खाण्याचं विचारायचं राहिलं. ठकी कालवणभातावरच वाढली होती. नव्या मांजरीला तेच चालेल?

कातळसडा

कालवणात कांदा-लसूण असतो, त्याने मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. ठकीने काढलं, सगळ्याच काढत नाहीत. आईंनी मासा कढीत पडण्याआधी वेगळा काढावा, नुसता पाण्यात उकडून, काटे काढून. कच्ची मुंडकी नकोत. तारल्यांसारख्या काही माशांत ब-१ जीवनसत्त्व मोडणारं द्रव्य असतं, उकडलं की ते जातं. रोज एकच मासाही नको, मधून कोंबडीचं मांस, अंडं, आणि परवडेल तेवढं तयार खाणं. खारवलेला मासा बिलकुल नाही.

खाडीपलीकडे

शस्त्रक्रिया झालेली मांजर मिळाली नाही तर आणल्यावर लगेच करून घ्या. मांजर चार-पाच महिन्यांची असतानाच गाभण राहू शकते आणि नऊ आठवड्यांत व्यायते. आईंना पुन्हा पिल्लं वाटत फिरायला लागू नये.

सोनकी

दसऱ्यानंतर लिहितेय. उशिराबद्दल क्षमस्व, पण काय झालं ते तुम्हाला कळायलाच हवं होतं.

गणपतीत काहीच आणलं नाही. विसर्जनानंतर चार दिवस जास्त राहिले. आईशी बोलले की तुझ्यामागे ती माझी, माझ्या घरी डोंबिवलीला. काकी तिथेच बसल्या होत्या, त्या म्हणाल्या, चेडवाक जमला नाय तर माझ्याकडे. आईने माझ्याकडे नीट बघितलं आणि विचारलं, तुझ्या तिसऱ्या मजल्यावर ती बाहेर कुठे बसणार? खिडकीला जाळी लावून घेतली, फोटो पाठवला, तेव्हा म्हणाली, "मोठीच आण. लहान नको."

कुडाळला मुलाकडे कायमची जाणाऱ्या एका बाईंची सहा वर्षांची तिरंगी मांजर मिळाली. शस्त्रक्रिया झालेली, लसही राहिलेली नव्हती. बाईंनी तिचं गोणपाट बरोबर दिलं, ते मागच्या खोलीत अंथरलं. ठकीचं वेगळं आहे, ते आईने घडी करून फळीवर ठेवलंय, कुणी हलवायचं नाही. पहिले पाच दिवस मांजर भाताच्या कणगीमागून बाहेर आली नाही, रात्री थाळी रिकामी व्हायची एवढंच. आईने ओढून काढली नाही. दुपारी त्याच खोलीत बसून वाती वळायची.

आता तीन आठवडे झाले. नाव अजून ठेवलेलं नाही. काल फोनवर बोलता बोलता आई मध्येच म्हणाली, "रव गो, काटे काढतंय." मी म्हटलं, बरं, थांबते. तर ती माझ्याशी बोलतच नव्हती.