डॉग माउंटन: जुन्या वणवा-चौकीच्या जागेपर्यंत जायचं आहे

रानवाट_पोर्टलंड:
मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आई-बाबा पुण्याहून येतायत. दोघंही साठीच्या पुढचे, पण सिंहगड आतकरवाडीतून नियमित चढणारे. सोबत नऊ वर्षांची मुलगी. अमेरिकेत ओरेगन-वॉशिंग्टन राज्यांच्या सीमेवर कोलंबिया नदीची खोल दरी आहे, ती कोलंबिया गॉर्ज. तिच्या वॉशिंग्टनकडच्या काठावरल्या डॉग माउंटनवर वणव्यावर लक्ष ठेवणारी लुकआउट चौकी होती, तिथपर्यंत जाऊन परत यायचा विचार आहे. शिखर झालंच पाहिजे असं नाही. प्रश्न असे: चौकीची जागा नक्की कुठे, ओळखायची कशी? खालच्या फाट्यावर डावी वाट घ्यायची की उजवी? परमिटची काय भानगड आहे? आणि पॉयझन ओकची (अंगाला लागलं की पुरळ उठवणारं झुडूप) कितपत काळजी करायची?

घसारा:
आधी अंदाज घ्या. गाडीतळ जवळजवळ नदीच्या पातळीवर आहे, शिखर सुमारे 2,950 फूट. म्हणजे 850 मीटरच्या आसपास निव्वळ चढ. बारीतून कळसूबाई चढण्याच्या जवळपास जाणारा, फक्त शिड्या नाहीत. सिंहगडापेक्षा चांगलाच जास्त. चौकीची जागा साधारण 2,500 फुटांवर आहे, तेव्हा "फक्त चौकीपर्यंत" म्हटलं तरी पाच हिश्श्यांतले चार हिस्से तिथेच संपतात. आई-बाबांना हे आधी सांगा.

चौकी शिखरावर शोधू नका, तिथे नव्हती. जंगल संपून वाट उघड्या गवताळ उतारावर येते, तिथे एक सपाट तुकडा दिसेल. एवढ्या तिरक्या उतारावर अशी सपाटी आपोआप होत नाही, तीच जागा. नकाशांवर नाव ‘पपी डॉग लुकआउट’. पहिली चौकी 1931 ची, 1952 साली तिच्या जागी दुसरी आली, ती 1967 मध्ये गेली. निम्मे लोक तिथे बसून सँडविच खातात आणि आपण कशावर बसलोय हे त्यांना कळतही नाही!

फाटा: साधारण अर्ध्या-पाऊण मैलावर. उजवीकडची वाट घ्या. थोडी लांब, पण चढ विभागलेला आणि मधे नदी दिसते. डावी वाट सरळ अंगावर येते, पूर्ण झाडीतून. दोन्ही वाटा वर एकत्र मिळतात.

आडवाट:
डावीला उगाच बदनाम करू नका. ऊन तापलं असेल तर सावलीची वाट कधीही बरी. फक्त उतरताना ती घेऊ नका. सुकलेल्या मातीवर बारीक खडी, पाय सटकतात, गुडघ्यांचा भुगा होतो. चढतानाच काय ती.

परमिटचं: फुलांच्या हंगामात (एप्रिलची अखेर ते जूनचा मध्य) शनिवार-रविवार आणि मेमोरियल डेला (मेच्या शेवटच्या सोमवारची सुट्टी) माणशी परमिट लागतं. गाडीमागे नव्हे, माणशी, मुलीचंही. रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी बुकिंगच्या साइटवर नाममात्र शुल्कात मिळतं, पण मेमधल्या शनिवार-रविवारची पटापट संपतात. कासच्या ऑनलाइन बुकिंगसारखंच समजा. हंगामात जवळच्या स्टीव्हनसन गावाहून शटल असते, तिचे त्या वर्षीचे नियम आधी वाचा. परमिट म्हणजे पार्किंग पास नव्हे. स्वतःची गाडी लावणार असाल तर नॉर्थवेस्ट फॉरेस्ट पास किंवा दिवसाचे 5 डॉलर वेगळे. सरळ मंगळवार-बुधवार गाठा, परमिटची कटकटच नाही.

पोर्टलंडहून आय-84 ने कॅस्केड लॉक्स, ब्रिज ऑफ द गॉड्सवरून पलीकडे (टोल आहे), मग उजवीकडे वळून हायवे 14 ने सुमारे 12 मैल. गाडीत पर्स, लॅपटॉप ठेवू नका. पाणी खालूनच भरून न्या, माणशी किमान अडीच लिटर.

बिब्याचं_झाड:
पॉयझन ओकबद्दल. बिबा उतणं म्हणजे काय हे आई-बाबांना माहीत असेलच, हा त्याच कुळातला. बिबा, आंबा, काजू, पॉयझन ओक सगळे भाऊबंद. कैरीच्या चिकाने ज्यांचं तोंड उततं त्यांनी जास्तच सांभाळावं.

ओळख: तीन-तीन पानांचा झुबका, वसंतात तांबूस आणि चकचकीत. वाटेच्या खालच्या अर्ध्या भागात दोन्ही कडांना भरपूर. लांब पँट घाला, वाट सोडू नका. तेलकट चीक लागल्यावर अर्ध्या तासाच्या आत भांड्याच्या साबणाने चोळून, गार पाण्याने धुतला तर बराच फरक पडतो. चूक होते ती पुढे. अंग धुतात, पण बुटाच्या नाड्या आणि काठीची मूठ तशीच राहते, मग दोन दिवसांनी पुरळ आलं की "आता कुठून आलं?" कपडे वेगळे धुवा. रात्री गोचिडीही बघा: गुडघ्यामागे, कमरेला, केसांत. सापडली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा, पिळू नका.

घसारा:
वारा राहिला. गॉर्ज म्हणजे किनारा आणि आतला कोरडा प्रदेश यांच्यामधली फट, दोन्हीकडच्या हवेच्या दाबातला फरक तिथूनच वाहतो. घामाने भिजलेलं अंग घेऊन चौकीच्या उघड्या उतारावर आलात की पाच मिनिटांत कुडकुडाल. विंडचीटर झाडीच्या आतच, शेवटच्या वळणापाशी चढवा. बाहेर आल्यावर सॅक उघडायला गेलात तर टोपी ओरेगनला जाईल.

रानवाट_पोर्टलंड:
मंडळी, धन्यवाद. बुधवार पक्का केला. चौकी त्या खांद्यावरच का, आणि मुलीला तिथे काय दाखवायचं?

आडवाट:
तिथून नदीचा मोठा पट्टा एका नजरेत येतो. पश्चिमेला विंड माउंटन, नदीपलीकडे माउंट डिफायन्स. अशा चौक्यांत ऑस्बोर्न फायर फाइंडर असे: मधे गोल नकाशा, भोवती फिरणारी कडी, तिच्यावर नेम धरायच्या दोन पट्ट्या. धूर दिसला की त्याच्या दिशेचे अंश वाचून कळवायचे. दुसऱ्या चौकीनेही अंश दिले की दोन रेषा छेदतात तिथे आग. मुलीकडे साधं होकायंत्र आणि छापील नकाशा द्या. चौकीच्या जागेवरून विंड माउंटनचे अंश घेऊन रेघ मारायला लावा. होकायंत्राची सुई तिथे खऱ्या उत्तरेच्या सुमारे 15 अंश पूर्वेला झुकते, तेवढे वाचलेल्या अंशांत मिळवा, नाहीतर रेघ भलतीकडेच जाते. पलीकडच्या काठाला जळकी खोडं दिसतील, ती 2017 च्या ईगल क्रीक वणव्याची. एका पोराने फेकलेल्या फटाक्याने लागलेला, आणि ठिणग्या नदी ओलांडून वॉशिंग्टनच्या बाजूलाही पडल्या होत्या.

पिवळी फुलं म्हणजे बाल्समरूट. मूळ खोल जातं, पहिलं फूल यायला कित्येक वर्षं लागतात. फोटोसाठी गवतात बसू देऊ नका.

बिब्याचं_झाड:
परतीचं एक. चौकीवर पाय ठीक असतील तर शिखरापर्यंत जेमतेम 450 फूट उरतात, आणि मग ऑग्सपर्गर वाटेने उतरता येतं. थोडी लांब, पण उतार सौम्य, आई-बाबांच्या गुडघ्यांना तीच बरी. चौकीवरूनच मागे फिरलात तर चढताना उजवीकडची होती तीच वाट, काठ्या दोन-दोन.