जीसीसी सी++ची फाइल घेतं, मग शेवटी का अडतं?

मागावरचा (अशोक चौक, सोलापूर)
आमचे चादरीचे दोन माग आहेत. पप्पांसाठी सुताचा हिशोब करणारा प्रोग्रॅम लिहितोय. चादरीला 1200 ग्रॅम, अशा 40 चादरी. कॉलेजच्या लॅबमधल्या जुन्या निळ्या पडद्याच्या कंपायलरवर (लिहिलेला कोड मशीनच्या भाषेत उतरवणारा प्रोग्रॅम) उत्तर आलं -17536. घरी उबुंटू लिनक्सवर जीसीसी या कंपायलरनं तोच कोड चालवला, तर बरोबर 48000! मग सी++मध्ये लिहून ‘जीसीसी हिशोब.सीपीपी’ दिलं, तर ‘अनडिफाइन्ड रेफरन्स टू एसटीडी::सीआउट’. जीसीसीला सी++ येतं ना? दिवाळीच्या ऑर्डरी यायच्या आत पप्पांना द्यायचाय.

रात्रपाळी
‘जी++ हिशोब.सीपीपी -ओ हिशोब’ असं दे, होईल.

पंचिंगवाले काका
बाळा, कारणही समजून घे. मी वीस वर्षं जकार्डची, म्हणजे मागावर नक्षी उठवणाऱ्या यंत्राची, कार्डं पंच केली, म्हणून तसंच सांगतो. मोराचं डिझाइन कुणी काढलं, वेलबुट्टी कुणी काढली, मागाला ठाऊक नसतं; त्याला कार्डावरची भोकं कळतात. जीसीसीत सी, सी++, फोरट्रान, एडा, प्रत्येक भाषेचा वाचणारा वेगळा. पण सगळे ‘गिंपल’ नावाच्या एकाच रूपात उतरवतात, पुढचं काम सामाईक. म्हणून तर 2025 मध्ये पंधराव्या आवृत्तीत कोबोलसुद्धा आलं. 1987 मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी हे आणलं तेव्हा ते फक्त सीचं होतं.

तुझी फाइल वाचली गेली, कारण शेवट .सीपीपी. अडलं ते जोडणीत: ‘जीसीसी’ सी++ची लायब्ररी (सीआउट तिच्यातच असतं) आपणहून जोडत नाही, ‘जी++’ जोडतं.

आणि ते -17536: जुन्या कंपायलरचा इंट, म्हणजे पूर्णांक ठेवायचा कप्पा, 16 बिटांचा, 32767च्या पुढं मावत नाही. 48000 मधून 65536 वजा करून बघ. तुझ्या मशीनवर इंट 32 बिटांचा आहे. पोरांना लॅबमध्ये अजून तेच शिकवतात, याचं फार वाईट वाटतं. जीसीसी फुकट आहे, त्याचा कोडही उघडा आहे. सरांना दाखव.

मागावरचा
काका, झालं! वजाबाकीही करून बघितली, नेमके -17536. पप्पांनी वहीतला मागच्या महिन्याचा हिशोब ताडून बघितला, किलोला किलो जुळला. आता ताणा आणि बाणा वेगळा दाखव म्हणतायत.