मदत हवी आहे : मशीन खरंच चालू आहे हे कंट्रोलरकडून कसं ओळखायचं?

नमस्कार मंडळी,

मी मशीन शॉपमध्ये मेंटेनन्स बघतो. चार टर्निंग सेंटर (संगणकावर चालणारे लेथ) आहेत, चारही फॅनुक कंपनीच्या कंट्रोलरची (मशीन चालवणारा संगणक) आणि बार फीडर (सळई आपोआप आत सरकवणारा) लावलेली. शिवाय पीएलसीवर (मशीनचा छोटा नियंत्रक संगणक) चालणारं एक वॉशिंग मशीन. शिफ्टभर काय झालं ते ऑपरेटर वहीत लिहितात. ब्रेकडाउन लिहिला जातो, पण दोन-दोन मिनिटांचे थांबे कोण लिहिणार? हात कामात असतात.

नवे सेन्सर बसवायचा प्रस्ताव आला होता. मला तो पटला नाही. सायकल चालू की थांबलेली, कुठला अलार्म, किती नग, स्पिंडलवर किती लोड, हे सगळं कंट्रोलरला आधीच ठाऊक असतं. ते वाचलं की झालं. म्हणून आमचं आम्हीच सुरू केलं. फॅनुकसाठी त्यांचीच फोकास लायब्ररी (कंट्रोलरमधली माहिती वाचायचं सॉफ्टवेअर), इथरनेटवरून, पोर्ट ८१९३. पीएलसीसाठी मॉडबस टीसीपी (नेटवर्कवरून आकडे वाचायची पद्धत), पोर्ट ५०२. प्रोग्राम फक्त वाचतो, लिहिणारी एकही आज्ञा त्यात नाही. मशिनांचं नेटवर्कही ऑफिसपासून वेगळं ठेवलंय.

वॉशिंग मशीनने चार दिवस खाल्ले. ते देणाऱ्यांनी रजिस्टरांची (आकडे साठवायच्या कप्प्यांची) यादी द्यायला टाळाटाळ केली, याचं मला खरंच वाईट वाटलं. मशीन आमचं, आणि त्यातला काउंटर कुठे आहे ते आम्हालाच सांगायचं नाही! शेवटी एकेक रजिस्टर वाचत तो शोधला, तर पॅनेलवर २ नग आणि माझ्याकडे १,३१,०७२. तिसरा नग झाला, १,९६,६०८. फरक काढला, एका नगाला ६५,५३६. तेव्हा उलगडा झाला. ३२ बिटांचा आकडा दोन रजिस्टरांत असतो आणि मी वरचा अर्धा खाली, खालचा वर धरला होता. अदलाबदल केली, जमलं. कुणाला असले आकडे दिसले तर काउंटर बिघडला असं समजू नका.

आता खरी अडचण. फॅनुकचं स्टेटस मी दर १० सेकंदांनी वाचतो. ‘स्टार्ट’ असेल तर चालू. होल्ड, स्टॉप, रीसेट असेल तर बंद. परवा दोन नंबरच्या मशीनची उपलब्धता (शिफ्टपैकी मशीन चालू असल्याचा वाटा) ९६ टक्के आली. जेवणाची सुट्टी वगळून शिफ्ट ४५० मिनिटांची, म्हणजे मशीन ४३२ मिनिटं चालू. नगाला ९० सेकंद धरले तर २८८ नग व्हायला हवेत. झाले २३१. साधारण ८५ मिनिटं गेली कुठे?

दुसऱ्या दिवशी मशीनपाशीच उभा राहिलो. टूलभोवती चिपचा (कापून निघालेल्या धातूचा) गुंता झाला की ऑपरेटर फीड ओव्हरराइडचा (टूल सरकण्याचा वेग कमी-जास्त करणारा) नॉब शून्यावर आणतो, काचेतून बघत राहतो आणि गुंता गळून पडला की परत १०० वर. स्क्रीनवर पूर्णवेळ ‘स्टार्ट’. बार संपल्यावरही तेच. एम कोडचा (बार बदलण्यासारख्या कामाच्या आज्ञेचा) फिनिश सिग्नल येईपर्यंत प्रोग्राम वाट बघत उभा, स्टेटस मात्र ‘स्टार्ट’.

मग कशावर विसंबायचं? स्पिंडल लोड, फीड ओव्हरराइड की नगांमधलं अंतर? १० सेकंदांचं अंतर जास्त होतंय का? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद

लोडच्या नादी लागू नका. फिनिशिंगला लोड इतका कमी असतो की चांगलं चाललेलं मशीनही बंद दिसेल.

ओव्हरराइड पीएमसीच्या (फॅनुकच्या आतला पीएलसी) जी१२ या पत्त्यावर मिळेल. तिथले बिट उलटे असतात, ते लक्षात ठेवा. ‘स्टार्ट आहे पण फीड शून्य’ आणि ‘स्टार्ट आहे पण फिनिशची वाट’ या दोन वेगळ्या अवस्था करा. नुसतं ‘बंद’ लिहिलंत तर कारण पुन्हा हरवेल. वाचन दर सेकंदाला करा, स्टेटस आणि ओव्हरराइड वाचल्याने कंट्रोलरवर फारसा भार येत नाही.

नगांसाठी पॅरामीटर ६७११ धरू नका, तो ऑपरेटर शून्य करतो. ६७१२ मध्ये एकूण नग असतात, त्यातला फरक घ्या. बार फीडरवर प्रोग्राम एम९९ ने (पुन्हा सुरुवातीला नेणारी आज्ञा) फिरत असेल तर मोजणीचा एम कोड ६७१० मध्ये दिलाय ना, तेही बघा.

आणि ती ८५ मिनिटं उपलब्धतेतून कापू नका. ओईई (मशीनच्या एकूण परिणामकारकतेचं माप) मांडणाऱ्या सेइइची नाकाजिमांच्या सहा मोठ्या नुकसानांत छोटे थांबे कार्यगतीच्या खात्यात येतात. २३१ भागिले २८८, म्हणजे ८० टक्के. तुमचं मशीन बंद पडत नाहीये, अडखळतंय. त्यावरचा उपाय वेगळा.

धागाकर्ता

मनापासून आभार. दोन्ही अवस्था वेगळ्या केल्या, वाचन दर सेकंदाला आणलं. कालच्या शिफ्टमध्ये वाया गेलेल्या वेळातला निम्म्याहून जास्त वेळ बार बदलण्यात गेलेला दिसला. हे माझ्या डोक्यातही नव्हतं, मी चिपच्याच मागे होतो. तक्ता आधी ऑपरेटरला दाखवला, साहेबांना नंतर. त्याने लगेच बोट ठेवलं, ‘फीड शून्य’ची वेळ प्रत्येकदा तीन नंबरच्या टूलवर येते. उद्या तिथे दुसऱ्या चिप ब्रेकरचा (चिप तोडणारी खाच) इन्सर्ट (कापणारा तुकडा) लावून बघतोय. काय होतं ते इथेच लिहीन.