मदत हवी आहे : ट्रॅक्टरच्या लोडरने कुंपणाचे सिमेंटचे खांब न मोडता कसे उपटावेत?

सर्वांना नमस्कार.

गोराईला आमची सव्वा एकराची वडिलोपार्जित वाडी आहे. वडील आणि काका यांच्या वाटण्या झाल्या तेव्हा वाडीच्या मधोमध सिमेंटचे खांब पुरून काटेरी तार ओढण्यात आली होती. आता चुलत भावांनी आणि मी पुन्हा एकत्र लागवड करायचे ठरवले आहे. त्यामुळे हे मधले कुंपण काढून तेच खांब रस्त्याच्या कडेला, जिथून मोकाट गुरे आत शिरतात, तिथे लावायचे आहेत. खांब मोडले तर नवे घ्यावे लागतील, आणि गोराईत असा माल आणायचा म्हणजे भाईंदर-उत्तनमार्गे टेम्पो फिरवून आणावा लागतो. बोरिवलीकडून खाडी ओलांडणाऱ्या बोटीतून माणसे आणि दुचाक्या येतात, खांब नव्हे. म्हणून शक्य तितके खांब धड बाहेर काढण्याची माझी इच्छा आहे.

खांब एकूण ६२ आहेत. प्रत्येक खांब ४ इंच चौरस आणि ७ फूट लांब असून सुमारे २ फूट जमिनीत आहे, आणि बहुतेकांच्या बुडाशी फूटभर लांब-रुंद-उंच असा काँक्रीटचा ठोकळा ओतलेला आहे. माती वरचा दीड फूट वाळूमिश्रित आणि त्याखाली खाडीकाठची चिकट, काळसर अशी आहे. मी हिशोब करून पाहिला : खांब सुमारे ५० किलोचा आणि ठोकळा ७० किलोच्या आतबाहेर, म्हणजे सगळे मिळून सव्वाशे किलोच्या आत. भाड्याने आणलेल्या ४५ अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरचा लोडर (पुढे बसवलेले, बकेट म्हणजे लोखंडी सुपडे वर-खाली करणारे दोन बाहू) पूर्ण उंचीवर ८०० किलो उचलतो, असे मालकाने सांगितले आहे. तरीही काही खांब जागचे हलले नाहीत. म्हणजे आपली झुंज खांबाच्या वजनाशी नसून मातीने धरलेल्या पकडीशी आहे, एवढे मला कळले; पुढचे कळत नाही.

गेल्या रविवारी सुरुवात केली तेव्हा काय घडले ते सविस्तर लिहितो. पहिला खांब सहज निघाला, कारण त्याच्या बुडाशी ठोकळाच नव्हता. दुसऱ्या खांबाला चालकाने साखळी कमरेच्या उंचीवर बांधली आणि बकेट खांबापासून तीन-चार फूट दूर ठेवून ओढ दिली. ओढ तिरकी बसली आणि खांब जमिनीलगत तुटला. आतल्या सळ्या वाकून आता बुंध्यातून वर आल्या आहेत. तिसऱ्या खांबाला साखळी खाली बांधली, पण ती बकेटच्या एका टोकाच्या दाताला अडकवली होती. लोडर वर जाऊ लागताच ट्रॅक्टरचे एका बाजूचे मागचे चाक जमिनीपासून वीतभर उचलले गेले. त्या वेळी साखळी नीट बसावी म्हणून माझ्या चुलतभावाचा मुलगा खांबाला हात लावून उभा होता. मी ओरडून काम थांबवले आणि तेव्हापासून ते बंदच आहे. चालकाचे म्हणणे असे की बकेटने खांब पुढेमागे ढकलून सैल करावा, किंवा साखळी ट्रॅक्टरच्या मागे बांधून झटका द्यावा. यातले दुसरे मला अजिबात पटत नाही, कारण मागच्या आसापेक्षा उंच जागी साखळी बांधून जोर दिला तर ट्रॅक्टर पुढून उचलून मागे उलटू शकतो, हे मी ऐकून आहे.

आता नेमक्या अडचणी विचारतो. साखळी खांबाला कोणत्या उंचीवर आणि कशा प्रकारे बांधावी, म्हणजे ती घसरणार नाही आणि सिमेंटच्या कडाही फुटणार नाहीत? काम मे महिन्यातच उरकावे, की पहिला पाऊस पडून माती भिजल्यावर करावे? मुंबईत मोसमी पाऊस साधारणपणे ११ जूनच्या सुमारास येतो, पण त्यानंतर आमच्या वाडीत ट्रॅक्टरची चाके रुततात. १४ खांब नारळाच्या झाडांपासून तीन फुटांच्या आत आहेत. त्यांच्या मुळांना इजा न होता ते कसे काढावेत? शिवाय तोंडलीच्या जुन्या मांडवाच्या लाकडी मेढी जमिनीलगत कुजल्या आहेत, त्या साखळीच्या फासातच तुटतात. खाडीच्या टोकाचे पाच खांब कांदळवनाला लागून आहेत, तिथे यंत्र न्यायचेच नाही असे आम्ही ठरवले आहे, त्यामुळे त्यांचा विचार कृपया करू नये.

प्रतिसाद :

नमस्कार. आपण काम थांबवलेत हे फार योग्य केलेत. मी पालघर जिल्ह्यात बागेचे जुने कुंपण अशाच पद्धतीने काढले आहे, त्या अनुभवावरून लिहितो.

सर्वांत आधी सगळी काटेरी तार कापून गुंडाळून घ्यावी. ताणलेली तार शेजारच्या खांबांना धरून ठेवते. साखळी जमिनीपासून चार ते सहा इंचांवर बांधावी. खांबाभोवती जुन्या टायरच्या ट्यूबचा किंवा गोणपाटाचा तुकडा गुंडाळून त्यावर साखळीचे दोन वेढे द्यावेत आणि हूक साखळीतच अडकवून फास करावा. जोर वाढेल तसा फास आवळत जातो. साखळी वजन उचलण्यासाठीच बनवलेली, ग्रेड ८० (पोलादाच्या मजबुतीची प्रत) ची घ्यावी. १० मिलिमीटरच्या अशा साखळीची कामाची क्षमता सरळ ओढीत ३ टनांच्या थोडी वर असते, आणि फास घातल्यावर ती सुमारे २० टक्क्यांनी कमी धरावी. नायलॉनचा दोर मुळीच वापरू नये. तो ताणला जातो आणि तुटला तर चाबकासारखा माणसावर येतो.

दुसरे टोक बकेटच्या दाताला न बांधता, बकेटच्या वरच्या कडेच्या अगदी मध्यावर मजबूत हूक वेल्डिंग करून त्याला अडकवावे. एका टोकाला बांधल्यास लोडरचे दोन्ही बाहू पिळले जातात. आपले चाक उचलले गेले त्याचे कारण तेच. बकेट खांबाच्या बरोबर वर यावी इतके जवळ जावे. लोडर वर जाताना सरळ रेषेत न जाता कमानीत जातो, म्हणून चालकाने ट्रॅक्टर किंचित पुढेमागे घेत साखळी उभी ठेवली पाहिजे. मागच्या बाजूला रोटाव्हेटर जोडून ठेवावा, म्हणजे मागच्या चाकांवर वजन राहते.

आता मुख्य गोष्ट. चिकट ओल्या मातीत ठोकळ्याखाली पोकळी होऊ पाहते आणि तिथे हवा-पाणी शिरायला वेळ लागतो, म्हणून झटका दिला की माती उलट घट्ट धरते. साखळी ताणून, हायड्रॉलिकचा दाब तसाच धरून मिनिट-दोन मिनिटे थांबावे. खांब बोटभर वर आला की पकड सुटली असे समजावे. दाब मर्यादेपलीकडे गेला की उघडणाऱ्या झडपेचा आवाज येऊ लागला तर मात्र लोडर उचलण्याचा दांडा लगेच सोडावा. वरच्या वाळूसाठी एक इंची पाइपने पंपाचे पाणी खांबाच्या कडेने खाली सोडावे, वाळू पातळ होऊन मोकळी होते. चिकणमातीत याचा फारसा उपयोग नाही. पाऊस येण्याआधीच काम करावे, ओल हवी तिथे पाणी आपण देऊ शकतो, पण रुतलेला ट्रॅक्टर काढणे अवघड.

नारळाजवळ लोडर नेऊ नये. तिथे खांबाच्या नारळाकडील बाजूस न खणता उलट बाजूने हाताने खड्डा घ्यावा, ठोकळा मोकळा करावा आणि तिपाईला चेन-पुली लावून उचलावा. नारळाची मुळे तंतुमय असतात, थोडी तुटली तरी नवी येतात, पण खोडावर घाव बसू नये. कुजलेल्या मेढी फूटभर खणून निरोगी लाकडाखाली फास घालून काढाव्यात, आणि तुटलेल्या बुंध्याच्या सळ्या आजच वाकवून त्यावर पालथी बादली ठेवावी.

जोर देताना साखळीच्या लांबीच्या दीडपट अंतरात चालकाशिवाय कोणीही नको.

धागाकर्ता :

मनापासून आभार. हूक वेल्डिंग करण्यास मालकाची परवानगी मिळाली आहे, आणि सळ्यांवर बादली ठेवली आहे. एकच शंका राहिली : बकेट मागे वळवून दिलेला जोर लोडर उचलण्याच्या जोरापेक्षा अधिक असतो असे चालक सांगतो, मग पहिली पकड सोडवण्यासाठी बकेट वळवावी, की त्यात मध्यावरचा हूक खांबापासून बाजूला सरकून ओढ पुन्हा तिरकी होईल? शनिवारी सकाळी काम सुरू करणार आहोत, त्याआधी कोणी अनुभव सांगितल्यास उपकार होतील.