वादग्रस्त फॅशन छायाचित्रण आणि पॉप तारका यांच्यावरील माहितीपट: आमच्या मंडळात कोणते दाखवावेत?

प्रश्न: सुरसागरकाठ (वडोदरा)

दांडिया बाजाराच्या परिसरात आमचे एक लहानसे मराठी चित्रपट मंडळ आहे. महिन्यातून एकदा आम्ही एखादा माहितीपट एकत्र पाहतो आणि नंतर त्यावर निवांत बोलतो. सभासदांत ललित कला शाखेत शिकणारी मुले आहेत, बँकेतून निवृत्त झालेले काका आहेत आणि शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या बाईही आहेत. पावसाळ्यानंतरच्या सत्रासाठी मी एक विषय सुचवला आणि तो मान्यही झाला: ज्यांनी जाणूनबुजून लोकांना डिवचले, अशा फॅशन छायाचित्रकारांवरचे आणि पॉप गायिकांवरचे माहितीपट. छायाचित्रकार हेल्मुट न्यूटन यांच्यावरचा, गेरो फॉन बोएम यांनी २०२० मध्ये केलेला माहितीपट आणि मॅडोना यांच्या १९९० च्या दौऱ्यावरचा ‘ट्रुथ ऑर डेअर’ ही दोन नावे मी धरून ठेवली आहेत.

नग्नतेचा संकोच ही आमची मुख्य अडचण नाही. २००७ साली कलाशाखेतील परीक्षेच्या मांडणीतल्या चित्रांवरून या शहरात गदारोळ होऊन एका विद्यार्थ्याला अटक झाली, त्यानंतर या प्रश्नावर आमच्याकडे पुष्कळ बोलणे झाले आहे. माझी शंका वेगळी आहे. असे माहितीपट आपल्या नायकावर किंवा नायिकेवर इतके लुब्ध असतात की त्यांनी कोणाला दुखावले, कोणाला वापरून घेतले, हा प्रश्न एखाद्या मुलाखतीपुरता येतो आणि पुढच्या सुंदर चित्राखाली दबून जातो. कॅमेऱ्यासमोर उभ्या असलेल्या माणसाला स्वतःचे म्हणणे मांडायला जागा मिळते, असे माहितीपट कोणते? ते कोणत्या क्रमाने दाखवावेत? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

उत्तर: रावपुऱ्यातला वाचक

तुमची शंका रास्त आहे, तरीही सुरुवात न्यूटनपासूनच करावी, असे मला वाटते. त्या माहितीपटाची रचनाच तुमच्या प्रश्नाभोवती केलेली आहे. छायाचित्रकारावरच्या माहितीपटात एरवी संपादक, संग्राहक आणि समीक्षक बोलतात, आणि ते बहुधा पुरुष असतात. इथे बोलतात त्या प्रामुख्याने स्त्रिया, आणि त्यातल्या अनेक जणी न्यूटन यांच्या कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिलेल्या: अभिनेत्री शार्लट रॅम्पलिंग आणि इसाबेला रोसेलिनी, गायिका ग्रेस जोन्स, मॉडेल क्लॉडिया शिफर आणि नाद्या आउअरमान. फ्रान्समधल्या आर्ल गावातल्या एका हॉटेलात १९७३ मध्ये काढलेले रॅम्पलिंग यांचे नग्न छायाचित्र तुमच्या सभासदांना आधीच दाखवून ठेवा. टेबलावर बसलेल्या त्या स्त्रीची नजर थेट कॅमेऱ्यावर रोखलेली आहे. ते चित्र पाहून मग तिचेच बोलणे ऐकले, की या व्यवहारात वरचढ कोण होते, हे ठरवणे अवघड होऊन बसते.

याच माहितीपटात फ्रेंच दूरचित्रवाणीवरील १९७९ च्या एका चर्चेचा तुकडा आहे. अमेरिकन लेखिका सुसान सोनटॅग न्यूटन यांच्या शेजारी बसून त्यांच्या तोंडावर सांगतात की तुमची छायाचित्रे स्त्रीद्वेष्टी आहेत. आपले स्त्रियांवर प्रेम आहे, असा बचाव न्यूटन करतात, तेव्हा स्त्रीद्वेष्टे पुरुषही नेमके हेच म्हणत असतात, असे त्या शांतपणे सुनावतात. तुमच्या चर्चेचा केंद्रबिंदू हाच तुकडा असावा. चित्रफीत तिथे थांबवून सभासदांना बोलू द्या, कारण माहितीपट स्वतः तिथे फार वेळ रेंगाळत नाही, आणि तुम्ही म्हणता ती उणीव या जागी खरोखरच जाणवते.

दुसरी गोष्ट इतिहासाची आहे. न्यूटन १९२० मध्ये बर्लिनमधल्या ज्यू कुटुंबात जन्मले. फॅशन छायाचित्रणात नाव मिळवलेल्या इव्हा या बाईंच्या स्टुडिओत ते किशोरवयात उमेदवारी करत होते. १९३८ मध्ये त्यांना देश सोडावा लागला, सिंगापूरमार्गे ते ऑस्ट्रेलियात पोहोचले आणि तिथेच त्यांचे लग्न झाले. इव्हा मात्र बर्लिनमध्येच राहिल्या. नाझींनी १९४२ मध्ये त्यांना पकडून नेले आणि ठार मारले. ज्या राजवटीने त्यांच्या गुरूचा जीव घेतला, तिच्याच प्रचारचित्रांतली उंच, पिळदार, गर्विष्ठ शरीरे न्यूटन यांच्या छायाचित्रांत पुढे का डोकावत राहतात, हा प्रश्न माहितीपट विचारतो आणि नाझींसाठी प्रचारपट करणाऱ्या दिग्दर्शिका लेनी रीफेनश्टाल यांचा संदर्भही टाळत नाही. मला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. त्याच्यापुढे हॉटेलांत चालणाऱ्या झगमगीत चित्रणांचे किस्से मला गौण वाटतात.

न्यूटन यांच्या पत्नी जून स्वतः छायाचित्रकार होत्या आणि ॲलिस स्प्रिंग्ज या नावाने काम करत. त्यांनी नवऱ्यावर केलेला १९९५ चा लघुपट मिळाला, तर जोडीला ठेवा.

उत्तर: अंधाऱ्या खोलीतला

मी वडोदऱ्यातच छायाचित्रणाचा व्यवसाय करतो. लग्नसमारंभ आणि कपड्यांच्या दुकानांच्या जाहिराती हे माझे रोजचे काम आहे, त्यामुळे थोडे कारागिराच्या बाजूने लिहितो. माहितीपट दाखवण्यापूर्वी एखादे छायाचित्र सावकाश वाचायला शिकवा, एवढी माझी सूचना आहे. न्यूटन यांचे १९७५ चे पॅरिसमधल्या ऱ्यू ओब्रियो या गल्लीतले चित्र घ्या. रात्रीची अरुंद गल्ली, ओला असावा तसा चमकणारा रस्ता, मागे लांबवर जाणारी दिव्यांची ओळ, आणि भिंतीजवळ फॅशन रचनाकार इव्ह सां लोराँ यांचा पुरुषी बेताचा काळा सूट घालून उभी असलेली स्त्री, केस चापून मागे बसवलेले, हातात सिगारेट. ती कोणाची वाट पाहते आहे की कोणाला टाळते आहे, हे चित्र सांगत नाही. आता त्याच गल्लीतले दुसरे चित्र शेजारी ठेवा: तीच सूटमधली स्त्री, आणि तिला बिलगून उभी असलेली दुसरी, अंगावर उंच टाचांच्या पादत्राणांखेरीज जवळपास काहीच नसलेली. कपडा विकायचा आहे तो पहिलीच्या अंगावरचा. मग दुसरी तिथे कशासाठी आहे? या प्रश्नाचे उत्तर प्रत्येकाने स्वतःच्या शब्दांत लिहून आणले, तर माहितीपटानंतरची चर्चा भरकटणार नाही.

पॉप तारकांकडे वळायचे असेल, तर न्यूटननंतर थेट मॅडोना न घेता ग्रेस जोन्स घ्या. १९८५ च्या ‘आयलंड लाइफ’ या त्यांच्या तबकडीच्या वेष्टनावरचे चित्र बहुतेकांनी पाहिलेले असते: एका पायावर तोललेले, दुसरा पाय मागे ताणलेला, हातात ध्वनिवर्धक, आणि सबंध शरीर जणू एकाच रेषेत. अशा अवस्थेत कोणतेही शरीर उभे राहू शकत नाही. फ्रेंच छायाचित्रकार ज्याँ-पॉल गूद यांनी वेगवेगळ्या स्थितींतली छायाचित्रे काढली, पारदर्शिका कापल्या, हातपाय लांबवून जोडले आणि सांधे रंगाने बुजवले. संगणक येण्यापूर्वीची ही कात्री-डिंकाची कारागिरी माझ्यासारख्याला थक्क करते, आणि म्हणूनच तिच्याविषयी मला अस्वस्थही वाटते. गूद त्या काळी ग्रेस जोन्स यांचे जोडीदार होते. त्यांनीच जोन्स यांना पिंजऱ्यात हिंस्र जनावरासारखे दाखवणारे चित्र केले आणि १९८२ च्या आपल्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर छापले. कृष्णवर्णी स्त्रीचे शरीर वाटेल तसे कापावे, ताणावे, कोंडावे, ही मुभा त्या सौंदर्यदृष्टीच्या मुळाशीच आहे. त्या चित्रांत जोन्स यांचा स्वतःचा वाटा आणि स्वतःची हौस होती, हेही तितकेच खरे.

सोफी फाइन्स यांचा २०१७ चा ‘ग्रेस जोन्स: ब्लडलाइट अँड बामी’ म्हणूनच पाहावा. त्यात जुनी चित्रणे नाहीत, जाणकारांच्या मुलाखती नाहीत, गौरवाची भाषणे नाहीत. अनेक वर्षे सोबत राहून केलेले चित्रण आहे: जमैकातले घर, नातेवाईक, जेवणाचे टेबल, आणि अधूनमधून रंगमंचावरची गाणी. एका प्रसंगात फ्रान्समधल्या दूरचित्रवाणीच्या कार्यक्रमासाठी त्यांच्याभोवती तोकड्या कपड्यांतल्या नर्तकी नाचवल्या जातात, आणि आपण कुंटणखान्याची मालकीण दिसतो आहोत, अशी उघड तक्रार त्या करतात. पैशांच्या बोलणीतही त्या कोणाला बधत नाहीत. ज्या शरीराचे इतरांनी चित्र केले, ते स्वतःचे मोल ठरवताना इथे दिसते. तुम्ही विचारलेल्या प्रश्नाला याहून थेट उत्तर देणारा माहितीपट माझ्या पाहण्यात नाही.

उत्तर: नाट्यवेडी, इंदूर

मॅडोना यांच्याविषयी माझे स्पष्ट मत आहे की ‘ट्रुथ ऑर डेअर’ एकटा दाखवू नये. त्याच्याबरोबर एस्टर गूल्ड आणि रेयर झ्वान यांचा २०१६ चा ‘स्ट्राइक अ पोज’ दाखवलाच पाहिजे, आणि तोही शक्यतो पाठोपाठच्या बैठकीत.

यांपैकी पहिला, म्हणजे ॲलेक केशिशियन यांचा ‘ट्रुथ ऑर डेअर’, १९९१ चा. रंगमंच रंगीत, पडद्यामागचे जग कृष्णधवल, अशी त्याची मांडणी आहे, आणि कृष्णधवल म्हणजे खरेखुरे, असे प्रेक्षकाच्या मनावर नकळत ठसते. त्याच्या कार्यकारी निर्मात्या मात्र स्वतः मॅडोना आहेत. टोरांटोमध्ये कार्यक्रमातल्या एका नृत्यावरून अटकेची भाषा करत पोलीस येतात, तो प्रसंग पाहताना आपण साहजिकच मॅडोना यांच्या बाजूने उभे राहतो. समलिंगी नर्तकांना इतक्या मोकळेपणाने, इतक्या आपुलकीने दाखवणारा लोकप्रिय चित्रपट त्या काळी विरळाच होता, आणि जगभरच्या कितीतरी तरुणांना त्याने धीर दिला. हे श्रेय त्याला मनापासून द्यावे.

पण त्याच नर्तकांपैकी तिघांनी १९९२ मध्ये न्यायालयात दावा लावला, आणि दोन वर्षांनी तो तडजोडीने मिटला. गेब्रिएल ट्रुपिन या नर्तकाला आपल्या चुंबनाचे दृश्य पडद्यावर यायला नको होते. ते वगळले गेले नाही, आणि आज तेच त्या चित्रपटातले सर्वांत गाजलेले दृश्य आहे. ट्रुपिन १९९५ मध्ये एड्सने गेले. दुसऱ्या माहितीपटात उरलेले सहा नर्तक प्रौढ वयात बोलतात, आणि ट्रुपिन यांच्या आई आपल्या मुलाविषयी बोलतात. रंगमंचावर रोज रात्री निर्भयतेचा संदेश देणाऱ्या त्या चमूतले काही जण स्वतःच्या एचआयव्ही संसर्गाविषयी सहकाऱ्यांपाशीही बोलू शकत नव्हते, हे तिथे कळते. माझ्या लेखी प्रश्न असा आहे: ‘स्वतःला व्यक्त करा’ असे सांगणाऱ्या तारकेने, व्यक्त न होण्याचा दुसऱ्याचा हक्क का मानला नाही? तुमच्या मंडळातली तरुण मुले रोज एकमेकांची चित्रणे टिपून जगासमोर टाकतात, त्यांना हा प्रश्न समजावून सांगावा लागणार नाही.

प्रतिसाद: सुरसागरकाठ

तिघांचेही मनःपूर्वक आभार. क्रम जवळपास ठरलाच: न्यूटन, मग ग्रेस जोन्स, मग मॅडोना यांच्यावरचा माहितीपट आणि त्यांच्या नर्तकांवरचा. ऱ्यू ओब्रियोची दोन्ही चित्रे आधी देऊन लेखी उत्तरे मागवण्याची कल्पना फार आवडली. लक्ष्मी विलास राजवाड्याच्या आवारातल्या फत्तेसिंह संग्रहालयात आम्ही अनेकदा रविवर्म्यांची चित्रे पाहायला जातो, तिथे सयाजीरावांविषयी आणि चित्रकाराविषयी भरभरून बोलतो, पण चित्रासाठी समोर बसलेल्या बाईविषयी कोणी अवाक्षर काढत नाही. या सत्रानंतरची भेट तिथेच ठेवण्याचा विचार आहे. आपल्याकडचे एखादे उदाहरण या मालिकेत घेता येईल का?

उत्तर: रावपुऱ्यातला वाचक

अवश्य घ्या. १९९५ ची टफ बुटांची जाहिरात तुमच्या काकामंडळींना नक्की आठवत असेल: मधू सप्रे आणि मिलिंद सोमण, पायांत बूट, अंगाभोवती अजगर, बाकी काही नाही. छायाचित्र प्रबुद्ध दासगुप्ता यांचे होते. अश्लीलतेचा खटला भरला गेला आणि निर्दोष सुटका व्हायला २००९ उजाडले. वर्तमानपत्रांत तेव्हा आरोपींच्या नीतिमत्तेविषयी रकानेच्या रकाने लिहिले गेले. चित्राची चौकट, प्रकाश, दोन शरीरांची समान पातळी, यांविषयी फारच थोडे. न्यूटन यांच्या चित्रात एक स्त्री कपड्यांत आणि दुसरी विवस्त्र आहे, तर इथे स्त्री-पुरुष दोघेही सारखेच उघडे आहेत. ही दोन चित्रे शेजारी ठेवून पाहणे मला फार फलदायी वाटते.

एक व्यावहारिक सूचनाही करतो. घरगुती वर्गणीवर पाहायला मिळणारा माहितीपट सभेत दाखवण्याची परवानगी त्या वर्गणीत सहसा नसते, आणि सार्वजनिक प्रदर्शनाला १९५२ च्या चलचित्र कायद्याप्रमाणे प्रमाणपत्र लागते. त्यामुळे सभागृह ठरवण्याआधी वितरकांना लिहून परवानगी मागा. मंडळ लहान आणि ना-नफा असल्याचे पत्रात सांगा, प्रेक्षकसंख्या लिहा आणि प्रवेश केवळ प्रौढ सभासदांना असल्याचे स्पष्ट करा. पत्राचा मसुदा हवा असल्यास मी तयार करून देईन.